गिरणी कामगार ते लोकशाहीर : बार्शीच्या महबूब पटेलचे ‘अमर शेख’ कसे झाले?

बार्शी : अण्णाभाऊ साठेंची ‘माझी मैना’ आज जयंतीच्या मिरवणुकीत वाजते, डीजेवर वाजते, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसलाही दिसते. लिहिणारे अण्णाभाऊ, हे सगळ्यांना ठाऊक. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून ती ज्या पहाडी आवाजाने माणसांच्या काळजापर्यंत पोचवली, तो आवाज आपल्या सोलापूर जिल्ह्यातला, बार्शीचा होता. हे मात्र नव्या पोरांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. शाहीर अमर शेख हे त्या आवाजाचं नाव. आणि गंमत म्हणजे, हे त्यांचं खरं नाव नव्हेच.

खरं नाव महबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. घर मुसलमानाचं, आणि गरिबीचं. आडनाव पटेल असलं तरी पाटीलकीचा थाट काही नव्हता. आई मुनेरबी. तिला लोकगीतं पाठ होती आणि पोराच्या कानावर लहानपणापासून तीच पडत गेली. ना कुणी गवई गुरू, ना पेटी-तबल्याची शिकवणी. आईच्या तोंडची गाणी, तेवढीच त्याची शाळा.

त्या काळातली बार्शी म्हणजे व्यापाराचं गाव. कुर्डुवाडीहून येणारी छोट्या रुळांची बार्शी लाईट रेल्वे, भुसाराची बाजारपेठ, भगवंताचं देऊळ, आणि कापडाच्या गिरण्या. पोटासाठी महबूब आधी बसवर क्लीनर झाला. गाडी पुसायची, पाणी भरायचं, सामान टपावर चढवायचं. पुढे तो गिरणीत कामाला लागला.

तेव्हा जिल्ह्यात नुसती आग पेटलेली होती. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. महबूब तेव्हा चौदा वर्षांचा. १९३० ते ३२ च्या त्या आंदोलनात हा पोरगाही ओढला गेला. पुढे गिरणी कामगारांच्या लढ्यात तो पुढं झाला, संपाच्या वेळी पकडला गेला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. विसापूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं, श्रीगोंदा तालुक्यातलं. तिथं कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांची संगत मिळाली. कामगाराच्या घामाचा हिशेब, मालक-मजूर, साम्यवाद हे सगळं महबूबच्या डोक्यात तुरुंगातच पक्कं बसलं. तुरुंगातून बाहेर आला तो कम्युनिस्ट होऊनच.

बार्शीतून त्यानं कोल्हापूर गाठलं. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाचं माहेरघर. मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम मिळालं. तिथल्या मित्रांनी त्याचं नाव ठेवलं अमर शेख. महबूब पटेल मागं राहिला, आणि हे नवं नाव पुढं अवघ्या मराठी मुलखात गाजलं.

पण जम बसला तो मुंबईत, कामगार वस्तीत. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. गाव सोडून गिरणीच्या भोंग्याखाली आलेल्या माणसांची भाषा या मंडळींना शिकावी लागली नाही, ती त्यांचीच होती.

कलापथकाचा कार्यक्रम कसा चाले, तर डफ, तुणतुणं, मागं साथीला झीलकरी, आणि पुढं शाहीर. पोवाडा झाला की वग, वग झाला की पुढाऱ्याचं भाषण, भाषणानंतर परत गाणं. खरं सांगायचं तर गर्दी गाण्यासाठी जमायची आणि त्या नादात भाषणही ऐकून घ्यायची. बंगालचा दुष्काळ असो, सावकारी असो की गिरणी मालकाची मुजोरी, पेपर न वाचणाऱ्या माणसाला बातमी शाहिराच्या तोंडूनच कळे. आज जे काम मोबाईल करतो, ते तेव्हा डफ करत होता. सरकारला याची धास्ती वाटली नसती तरच नवल. मुंबई सरकारने लाल बावट्याच्या तमाशांवर बंदी आणली. गाणं काही थांबलं नाही.

मुसलमान शाहीर शिवरायांचा पोवाडा कसा काय गातो, असं तेव्हा गावात कुणाला वाटत नव्हतं. शाहीर हा शब्दच मुळात अरबीतून आलेला. पेशवाईच्या अखेरीस लावण्या-पोवाड्यांनी गाजलेले सगनभाऊ मुसलमान होते, आणि त्याच काळातले राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण होते. डफाला जात विचारायची रीत आपल्याकडं नव्हती. अमर शेखांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा गाजला, तसा जालियनवाला बागेचा सूड घेणाऱ्या उधमसिंगांवरचाही.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असा घाट दिल्लीत घातला गेला होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, माणसं पडली. लढा संपेपर्यंत शंभरावर हुतात्मे झाले. या पाच वर्षांत अमर शेख हा माणूस घरी किती रात्री झोपला असेल देव जाणे. आज मुंबई, उद्या आणखी कुठल्या तालुक्याच्या गावाला. आचार्य अत्र्यांचं भाषण आणि अमर शेखांचं गाणं, असा तो काळ होता. तार सप्तकात चढवलेला तो सूर मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत जायचा. अत्र्यांनी तर त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की ठरवून टाकलं. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. पण बेळगाव, कारवार, निपाणी राहिलं ते राहिलंच. ‘माझी मैना’त जी ताटातूट आहे ती नुसती नवरा-बायकोची नाही, या तुटलेल्या मुलखाची आहे, म्हणून ती आजही सीमाभागात ऐकताना माणसं गप्प होतात. गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेखांचा डफ होता.

त्यांची खरी परीक्षा मात्र १९६२ साली झाली. चीनने हल्ला केला. कम्युनिस्ट म्हटलं की लोक संशयाने बघू लागले, पक्षात दोन तट पडले, पुष्कळ पुढारी तुरुंगात गेले. आयुष्यभर लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या या शाहिरापुढं अवघड प्रसंग होता. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्यांनी डफ उचलला आणि गावोगाव कार्यक्रम करून संरक्षण निधी गोळा केला. पुढं पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हाही तेच. मजुरासाठी गाणारा आवाज जवानासाठीही तसाच लागला, त्यात त्यांना कुठं विसंगती दिसली नाही.

नुसता गाणारा गडी म्हणून त्यांना बाजूला काढता येणार नाही. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ चं, ‘कलश’ हा कवितासंग्रह १९५८ चा, ‘धरतीमाता’ १९६३ चा. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या १९५४ च्या चित्रपटात आणि नंतर ‘प्रपंच’मध्ये ते पडद्यावरही दिसले. तरी सिनेमा हे त्यांचं घर झालं नाही. समोर माणसं बसलेली असली की त्यांना सूर सापडायचा, कॅमेऱ्यापुढं तो तेवढा खुलला नाही असंच म्हणावं लागेल.

१९६९ चं साल मराठी मुलखाला वाईट गेलं. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, तेही हलाखीत. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख. संयुक्त महाराष्ट्र ज्यांच्या तोंडून घराघरात पोचला, ते तिघेही अकरा आठवड्यांत संपले. अमर शेखांचं वय अवघं ५२. इंदापूर म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, आपल्या जिल्ह्याची हद्द जेमतेम हाकेवर असलेलं गाव. ज्या पोराने आयुष्याची सुरुवात गाडीवर क्लीनर म्हणून केली, त्याचा शेवटही रस्त्यावरच झाला.

मागं पत्नी कुसुम होत्या, मुली होत्या. मुलगी मलिका तेव्हा बारा वर्षांची. मोठेपणी ती कवयित्री झाली, दलित पँथरचे नामदेव ढसाळ यांच्याशी तिचं लग्न झालं, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे तिचं आत्मचरित्र खूप गाजलं. मुंबई विद्यापीठात आज शाहिरांच्या नावाचं अध्यासन आहे. आणि मलिकाताईंच्या पुस्तकांवर नाव छापलं जातं ते ना पटेल, ना ढसाळ. कोल्हापूरच्या स्टुडिओत मित्रांनी ठेवलेलं नावच तिथं आडनाव होऊन बसलं आहे : मलिका अमर शेख.