आप-परभावाचे मूळ गर्भात शोधणारे पीटर मेडावर

एका माणसाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर लावली तर ती काही दिवसांतच गळून पडते, हा शल्यचिकित्सकांचा जुना अनुभव. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांची संख्या वाढली आणि या अनुभवामागील कारण शोधणे निकडीचे झाले. ते शोधता शोधता, शरीर स्वकीय आणि परकीय हा भेद जन्मापूर्वीच शिकते, असे प्रयोगाने सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर पीटर ब्रायन मेडावर. अवयव प्रत्यारोपणाच्या शास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

मेडावर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्रज. शिक्षणासाठी ते इंग्लंडला आले आणि ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयातून प्राणिशास्त्राचे पदवीधर झाले. १९३७ मध्ये जीन टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील पन्नास वर्षांच्या वाटचालीत जीन यांची साथ मोलाची ठरली.

१९४० मध्ये त्यांच्या ऑक्सफर्डमधील घराजवळ एक लष्करी विमान कोसळले. गंभीर भाजलेल्या वैमानिकासाठी काही करता येईल का, अशी विचारणा डॉक्टरांनी या प्राणिशास्त्रज्ञाकडे केली. तेथून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. ग्लासगोच्या रुग्णालयात टॉमस गिब्सन या शल्यचिकित्सकाबरोबर काम करताना भाजलेल्या एका तरुणीवर त्यांनी तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. ते गळून पडले. दुसऱ्यांदा लावलेले तुकडे तर पहिल्याहून लवकर नष्ट झाले. शरीराने परकी त्वचा लक्षात ठेवली होती. जंतूंशी लढणारी यंत्रणाच त्वचाही नाकारते, हा निष्कर्ष १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सशांवरील प्रयोगांनी तो पक्का केला.

यापुढचा धागा मिळाला तो गोठ्यात. १९४८ च्या सुमारास, जुळी वासरे एकबीज आहेत की द्विबीज हे ओळखण्याची युक्ती मेडावर यांना विचारण्यात आली. एकमेकांची त्वचा लावून पाहा, द्विबीज वासरे ती नाकारतील, असे त्यांनी सुचविले. बर्मिंगहॅम विद्यापीठातील सहकारी रुपर्ट बिलिंगहॅम यांच्यासह प्रयोग केले, तेव्हा उलटेच घडले. द्विबीज जुळ्यांनीही एकमेकांची त्वचा स्वीकारली! अमेरिकेतील रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखविले होते की, अशा वासरांचे रक्त गर्भाशयातच एकमेकांत मिसळते. गर्भावस्थेत ओळख झालेली पेशी शरीर पुढे आपलीच मानते, असे अनुमान ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडले होते.

अनुमानाला पुरावा दिला तो मेडावर, बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी तपकिरी उंदरांच्या गर्भांना पांढऱ्या वंशाच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. जन्मानंतर आठ आठवड्यांनी या पिलांवर त्याच पांढऱ्या वंशाची त्वचा लावली. त्यांतील काहींच्या तपकिरी अंगावर पांढऱ्या केसांचा तो तुकडा टिकून राहिला. १९५३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. १९६० चे नोबेल पारितोषिक मेडावर आणि बर्नेट यांना विभागून मिळाले. मेडावर यांनी आपल्या वाट्याच्या रकमेत बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनाही सहभागी करून घेतले.

गर्भात हे शिक्षण नेमके कोठे होते, हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी ही ती पाठशाळा. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून तिचे महत्त्व दाखविले, तरी त्यानंतरही या ग्रंथीतील पांढऱ्या पेशी हा उत्क्रांतीतील एक बिनमहत्त्वाचा योगायोग असल्याचे मत मेडावर यांनी मांडले. काळाने ते खोडून काढले. मानवी गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास यकृतातून आलेल्या मूळ पेशी थायमसमध्ये शिरतात आणि तेथे त्यांच्या टी-पेशी होतात. प्रत्येकीची परीक्षा होते. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर जोरात चाल करणाऱ्या पेशी मारल्या जातात, निरुपयोगी पेशीही मरतात. उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या शेकड्यात जेमतेम दोन-चार. बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास या टी-पेशी गर्भाच्या रक्तात उतरतात.

उंदरांत हीच घटना जन्माच्या आसपास घडते. म्हणूनच गर्भातील उंदराला जे शिकविता आले, ते नवजात मानवी बालकाला त्याच रीतीने शिकविता येत नाही. त्याची टी-पेशींची फौज जन्मापूर्वी कित्येक महिने तयार झालेली असते. मेडावर यांचा शोध उंदरांवरून रुग्णांपर्यंत थेट पोहोचू शकला नाही, याचे एक मोठे कारण हेच होय.

१९६२ मध्ये मेडावर लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९६५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. सप्टेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने एक्झिटरच्या कॅथीड्रलमध्ये वाचन करीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. चोपन्नाव्या वर्षी शरीर अर्धे लुळे पडले, पुढेही झटके येत राहिले. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही. तरुण वैज्ञानिकांसाठी मार्गदर्शनपर पुस्तक (१९७९) आणि आत्मचरित्र (१९८६) ही याच काळातील निर्मिती. २ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

निम्मा वारसा पित्याचा असूनही माता गर्भाला नाकारत का नाही, हा प्रश्नही मेडावर यांनी १९५३ मध्येच उपस्थित केला होता. त्याचा एक पैलू २००८ मध्ये उलगडला. मातेच्या काही पेशी मानवी गर्भात पोहोचतात आणि गर्भातील नियामक टी-पेशी त्यांच्यावरील हल्ला रोखून धरतात, असे आढळले. नियामक टी-पेशींच्या शोधालाच २०२५ चे नोबेल मिळाले. मूत्रपिंड बदललेल्या बहुतेक रुग्णांना मात्र आजही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. औषधांविना परका अवयव आपला मानला जावा, ही मेडावर यांच्या उंदरांनी दाखविलेली शक्यता अजून बहुतेक रुग्णांच्या वाट्याला यायची आहे.