कापूर, लिंबू, निलगिरीच्या वासाचे कोडे सोडवणारे ओटो वालाख कोण होते?

कापूर, लिंबाची साल, निलगिरी तेल, टर्पेंटाइन. या सगळ्यांच्या वासामागे टर्पीन गटातील संयुगे असतात. या गटाची शिस्तशीर ओळख जगाला करून दिली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांनी.

कपाटातल्या बाटल्या

वालाख यांचा जन्म २७ मार्च १८४७ रोजी क्योनिग्सबर्ग येथे झाला. गॉटिंगेन विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून १८७० मध्ये ते बॉन येथे ऑगस्ट केकुले यांच्याकडे गेले. १८७९ मध्ये त्यांच्यावर औषधनिर्माणशास्त्र शिकवण्याची जबाबदारी आली. त्याच काळात केकुले यांच्या कपाटात पडून असलेल्या सुगंधी तेलांच्या बाटल्यांकडे त्यांचे लक्ष गेले. यातून काही हाती लागेल, याबद्दल खुद्द केकुले साशंक होते.

अडचण काय होती?

ही तेले म्हणजे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातील बहुतेक टर्पीनमध्ये १० कार्बन आणि १६ हायड्रोजन अणू, उत्कलनबिंदूही जवळजवळ सारखे. त्यामुळे प्रत्येक वनस्पतीतील टर्पीनला नवे नाव मिळत होते. वालाख यांनी त्यावर हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन ब्रोमाइड, नायट्रोसिल क्लोराइड यांची अभिक्रिया घडवली. तयार झालेले स्फटिक शुद्ध करून त्यांचे वितलनबिंदू ताडून पाहिले. सिनीन, काउचीन अशा नावांनी ओळखले जाणारे पदार्थ प्रत्यक्षात एकच, म्हणजे डायपेंटीन, असल्याचे स्पष्ट झाले. पाच कार्बनचे आयसोप्रीन हा टर्पीनचा पाया असल्याचेही त्यांनी मांडले.

नोबेल आणि युद्ध

१८८९ मध्ये ते गॉटिंगेनला परतले. १९०९ मध्ये त्यांचा 'टर्पीन आणि कापूर' हा ग्रंथ आला आणि १९१० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यांचे सहा सहायक मारले गेले. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी गॉटिंगेनमध्येच त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

आज महत्त्व काय?

मातीतील 'स्युडोमोनास प्युटिडा' हा जीवाणू कापूर खाऊन जगू शकतो. त्याचे 'पी४५०कॅम' हे विकर कापराच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू ठरावीक जागी बसवते आणि तिथून रेणू तुटण्याची सुरुवात होते. या गटातील विकरांचा अभ्यास औषधांसाठीही महत्त्वाचा आहे, कारण मानवी यकृतातील त्यांची भावंडे अनेक औषधांचे विघटन करतात. पण विकर नेमके काय तोडते, हे कळण्याआधी तो रेणू कोणता हे कळावे लागते. ते काम वालाख यांनी केले.