उच्च ऊर्जेच्या किरणांचे भाष्यकार डॉ. होमी भाभा

विद्युतचुंबकीय लहरीची लांबी जितकी कमी, तितकी तिची ऊर्जा अधिक. ही ऊर्जा वाढतच गेली, तर निसर्गाचे ज्ञात नियम कोठवर टिकतात, हा १९३० च्या दशकात भौतिकशास्त्रापुढील गहन प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा अग्रभागी होते.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा १९२७ मध्ये अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. मात्र पुढे ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. विश्वकिरणांच्या प्रचंड ऊर्जेपुढे पुंजसिद्धांत अपुरा पडतो, अशी शंका तेव्हा व्यक्त होत असे. भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये त्याच सिद्धांताच्या आधारे कणांच्या वर्षावाचे गणित मांडले. १०.२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेच्या गॅमा किरणापासून अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होऊ शकते. या कणांपासून पुन्हा गॅमा किरण उत्सर्जित होतात आणि ऊर्जा पुरेशी विभागली जाईपर्यंत ही साखळी चालू राहते. अशा रीतीने पुंजसिद्धांत उच्च ऊर्जेच्या कसोटीलाही उतरला.

१९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे उभारलेल्या ‘मेस’ दुर्बिणीचे २०२४ मध्ये उद्घाटन झाले. वातावरणातील अशाच वर्षावांच्या प्रकाशावरून ती गॅमा किरणांचा वेध घेते.