आधी वाळू ओळखा, मग गाडी सजवा : राल्फ बॅगनॉल्ड यांचा जीवनपरिचय



घरात नवी फोर बाय फोर गाडी आली की पहिल्याच आठवड्यात चर्चा सुरू होते. टायर कोणते टाकायचे? पुढे लोखंडी बंपर बसवायचा का? वर कॅरियर, जास्तीचे दिवे, विंच... यादी वाढतच जाते. मुलंही कान टवकारून ऐकत असतात. अशा वेळी त्यांना राल्फ बॅगनॉल्ड यांची गोष्ट जरूर सांगा. साध्या फोर्ड गाड्या घेऊन ते सहारा वाळवंटात शिरले आणि परतही आले. त्या गाड्या फोर बाय फोर नव्हत्या, इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळायची!

जन्म आणि शिक्षण

राल्फ अल्जर बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. प्रसिद्ध लेखिका एनिड बॅगनॉल्ड या त्यांच्या थोरल्या बहीण. १९१५ मध्ये ते सैन्याच्या इंजिनिअर दलात अधिकारी झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढले. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजला अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि १९२१ मध्ये ते पुन्हा सैन्यात रुजू झाले. पुढे कैरो आणि हिंदुस्थान अशा दोन्ही ठिकाणी त्यांची नेमणूक झाली. सुट्टी मिळाली की इतर अधिकारी आराम करायचे. बॅगनॉल्ड मात्र मित्रांना घेऊन, स्वतःच्या खर्चाने, मोटारीतून वाळवंटात जायचे.

वाळवंटातली खरी अडचण

इजिप्तच्या पश्चिमेला, लिबियाच्या सीमेजवळ ‘ग्रेट सँड सी’ नावाचा वाळूच्या टेकड्यांचा अफाट प्रदेश आहे. तिथे मोटार जाणं शक्य नाही, अशीच तेव्हा समजूत होती. दुरुस्तीला माणूस नाही, पेट्रोल नाही, विहीर नाही. गाडी रुतली किंवा बिघडली तर पायी परतणंही अशक्य. म्हणजे गाडीत केलेला प्रत्येक बदल हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता, हौसेचा नाही.

पहिला बदल : वजन कमी

बॅगनॉल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी गाडीतले नको असलेले भाग आधी काढून टाकले. कारण सरळ आहे. पेट्रोल आणि पाणी भरपूर न्यावंच लागणार, मग बाकीचं ओझं कशाला? जड गाडी जास्त रुतते आणि पेट्रोलही जास्त पिते.

दुसरा बदल : टायर आणि हवा

मऊ वाळूसाठी त्यांनी रुंद टायर वापरले आणि त्यातली हवा कमी ठेवली. आता बघा, यात विज्ञान काय आहे. हवा कमी केली की टायर खाली पसरतो आणि जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो. गाडीचं वजन तेवढंच राहतं, पण ते जास्त जागेवर वाटलं जातं. दाब कमी झाला की चाक वाळूत कमी रुततं. उंटाचा पसरट पाय हेच काम करतो. मात्र दगडाळ जमीन आली की टायरमध्ये पुन्हा हवा भरावी लागते, नाहीतर टायरच्या बाजू कापल्या जातात आणि टायर तापून खराब होतो. म्हणून हवा भरायचा पंप हा टायरइतकाच महत्त्वाचा.

तिसरा बदल : रुतल्यावर निघायची सोय

कितीही काळजी घेतली तरी गाडी रुतणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. कैरोच्या भंगार दुकानात त्यांना पन्हळीसारखे पोलादी पट्टे मिळाले. महायुद्धात खंदकांमधल्या निवाऱ्यांवर छत घालण्यासाठी ते बनवले होते. चाकापुढची वाळू फावड्याने उपसायची, पट्टा सरकवायचा, गाडी पुढे काढायची आणि पट्टा उचलून पुन्हा पुढे ठेवायचा. आज ऑफरोडिंग करणारे अशाच पट्ट्या प्लास्टिकच्या वापरतात बरं का!

चौथा बदल : पाणी वाचवा

उन्हात रेडिएटरचं पाणी उकळून वाफ व्हायची. मग माणसांनी प्यायचं पाणी इंजिनाला द्यावं लागायचं! यावर उपाय असा की रेडिएटरमधून निघणारी वाफ नळीने एका पाण्याच्या डब्यात सोडायची. तिथे वाफेचं पाणी होतं आणि इंजिन थंड झालं की तेच पाणी रेडिएटर परत ओढून घेतो.

दिशेसाठी त्यांनी सूर्य-होकायंत्र वापरलं. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकतं, सावली मात्र चुकत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मोटार गस्ती पथकांनीही यातल्या काही युक्त्या वापरल्या होत्या. बॅगनॉल्ड यांनी त्या सुधारल्या आणि एकत्र आणल्या.

वाळूचा अभ्यास

१९२९, १९३० आणि १९३२ मध्ये त्यांनी मोठ्या मोहिमा केल्या. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार घट्ट असतो आणि पलीकडचा मऊ, भुसभुशीत असतो, हे कळल्यावर योग्य बाजूने वेग घेऊन गाडी चढवता येऊ लागली. १९३४ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. १९३५ मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले. मग वाळूचे कण वाऱ्याने कसे उड्या मारत पुढे जातात, हे त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधून तपासलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

हौस युद्धात कामी आली

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांना पुन्हा सैन्यात बोलावलं गेलं. जहाजाच्या अपघातामुळे ते योगायोगाने इजिप्तमध्येच उतरले. १९४० मध्ये जनरल वेव्हेल यांच्या परवानगीने त्यांनी काही आठवड्यांतच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. शेवरोले ट्रकची दारं, काचा आणि टप काढले. पाटे मजबूत केले, रुंद टायर, वाफेचे डबे आणि पोलादी पट्टे बसवले. म्हणजे जुनीच यादी! सुट्टीत शिकलेल्या गोष्टींवर आता शेकडो सैनिकांचे जीव अवलंबून होते.

२८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मंगळ ग्रहावरच्या वाळूच्या टेकड्यांना आज त्यांचं नाव आहे. नासाच्या क्युरिऑसिटी यानाने २०१५ मध्ये त्यांचा जवळून अभ्यास सुरू केला.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

आठवीच्या विज्ञानात बल आणि दाब शिकवताना परातीत कोरडी वाळू पसरा. वीट आधी उभी ठेवा, मग आडवी ठेवा आणि दोन्ही वेळा ती किती रुतली ते मुलांनाच मोजू द्या. मग बॅगनॉल्ड यांच्या टायरची गोष्ट सांगा. सूत्र आपोआप लक्षात राहतं.

आणि पालकहो, नवी गाडी घेतली असेल तर खरेदीच्या यादीवर मुलांना सोबत घेऊन बसा. प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्न विचारायला लावा : आपण नेमकं कुठल्या जमिनीवर जाणार आहोत? ही वस्तू नसली तर तिथे काय अडेल? ज्या वस्तूला उत्तर मिळणार नाही ती खोडून टाका. बहुतेक घरांच्या यादीत शेवटी चांगले टायर, हवेचा दाब मोजायचं मीटर, पंप, फावडं आणि प्यायचं पाणी एवढंच उरेल.