संचालक मंडळातील स्त्री

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे १८६२ मध्ये जन्मलेल्या रमाबाई रानडे अकराव्या वर्षी विवाहबद्ध झाल्या, पतीच्या प्रोत्साहनाने शिकल्या आणि १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाची धुरा त्यांनी वाहिली. १९२० मध्ये पुणे नगरपालिकेत सक्तीचे शिक्षण प्रथम मुलग्यांपुरतेच ठेवण्याचा विचार बळावला. सबब पैशाची होती. सभागृह पुरुषांचे, म्हणून रमाबाईंना स्त्रियांसह रस्त्यावर यावे लागले. १९२४ मध्ये त्या निवर्तल्या.

२०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांत किमान एक स्त्री संचालक सक्तीची केली, ती योग्यच होय. पैशाची वाटणी जेथे ठरते तेथे स्त्री नसेल, तर काटकसरीची कात्री प्रथम तिच्याच वाट्यावर चालते. मात्र नात्यातील स्त्रीचे नाव केवळ कागदोपत्री लावून हा हेतू साधणार नाही.