हवेचा पारखी

लंडनच्या पूर्वेकडील ईस्ट हॅम या उपनगरात १ जुलै १८९५ रोजी एक दुर्घटना घडली. तेथील सांडपाणी उपसण्याच्या केंद्रात एक कामगार खोल विहिरीत उतरला आणि आतच कोसळला. वर असलेल्या सोबत्याने फारसा विचार न करता शिडीवर पाय ठेवला. तोही परत आला नाही. मग आणखी एक उतरला, मग आणखी एक. अशा रीतीने पाच जणांचा बळी गेला. लंडनमधल्या पोस्टमन्स पार्क या छोट्याशा बागेत एक भिंत आहे. दुसऱ्याचा जीव वाचविताना प्राण गमावलेल्या साध्या माणसांची नावे तिथल्या फरशांवर कोरली आहेत. सोबत्याला काढण्यासाठी उतरलेल्या ईस्ट हॅमच्या चौघांची नावेही तेथे आहेत.

ही हकिकत वाचताना ती एवढी जुनी आणि सातासमुद्रापलीकडची वाटत नाही. गटारात, सेप्टिक टँकमध्ये किंवा गाळ काढायच्या विहिरीत एक उतरला, त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला शेजारी उतरला, अशा बातम्या आपल्याकडेही अधूनमधून येतात. विषारी वायूने गुदमरून मृत्यू, एवढ्या चार शब्दांत त्या संपतात. पण तो वायू कोणता, तो धडधाकट माणसाला क्षणात कसा आडवा करतो आणि वाचवायला जाणाऱ्याने स्वतः कसे वाचायचे, या प्रश्नांचा एका माणसाने जन्मभर पाठपुरावा केला. ईस्ट हॅमच्या दुर्घटनेचा तपासही त्याने केला होता. त्याचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

रात्रीच्या हवेचा शोध

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. घराणे स्कॉटलंडमधले, सुस्थितीतले आणि विद्याव्यासंगी. थोरले बंधू रिचर्ड हे पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन यांनी एडिंबरो विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा, माणूस आजारी कशाने पडतो याचा शोध घेणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे.

डंडी या गिरणगावात त्यांनी पहिले मोठे काम केले. कामगारांच्या एकेका खोलीत अख्खे कुटुंब झोपत असे. हाल्डेन आणि त्यांचे सहकारी ऐन रात्री अशा घरांची दारे ठोठावत आणि बाटल्यांत हवेचे नमुने भरून घेत. हवा खरोखर किती कोंदलेली असते हे दिवसा जाऊन कसे कळणार? खोलीत किती माणसे, किती कार्बन डायऑक्साइड, किती जंतू, याचे आकडे त्यांनी मांडले. पुढे १८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला आले आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे गाव झाले.

याच काळात ते लंडनच्या संसदभवनाखालच्या गटारांतही उतरले. गटाराची दुर्गंधी हीच रोगराईचे मूळ, अशी त्या काळी ठाम समजूत होती. हाल्डेन यांना मात्र वाहत्या गटारातल्या हवेत अपेक्षेपेक्षा कमी जंतू आढळले. घाण वास येतो म्हणून हवा मारक असतेच असे नाही, हे त्यातून दिसले.

ईस्ट हॅमने याची दुसरी बाजू दाखविली. तेथला मारेकरी होता हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू. साचलेल्या मैल्यात तो तयार होतो आणि गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. अगदी अल्प प्रमाणातही नाकाला त्याचा वास कळतो. पण हवेच्या दहा हजार भागांत एक भाग इतके त्याचे प्रमाण झाले की, नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला, आता हरकत नाही, असे माणसाला वाटते आणि तेव्हाच तो मृत्यूच्या दारात असतो. प्रमाण याच्या दहापट झाले तर चार-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. हाक मारायलाही वेळ मिळत नाही. वरच्याला फक्त सोबती पडलेला दिसतो. त्याला वाटते की पाय घसरला असेल, भोवळ आली असेल, आणि तो खाली उतरतो.

पिंजऱ्यातला सोबती

ईस्ट हॅमनंतर सातच महिन्यांनी, २७ जानेवारी १८९६ रोजी, वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. सरकारच्या वतीने हाल्डेन तपासाला गेले. स्फोटाचा दणका आणि भाजणे यांनीच माणसे मरतात, असा तोपर्यंतचा समज होता. हाल्डेन यांनी मृतदेह आणि रक्ताचे नमुने तपासले. अनेकांच्या अंगावर जीवघेणी जखम नव्हती, उलट कांती गुलाबी दिसत होती. हे लक्षण कार्बन मोनॉक्साइडचे. स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या या वायूनेच बहुतेकांचा प्राण घेतला होता. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि भोवती हवा असूनही शरीर आतून गुदमरते.

हे त्यांना इतक्या खात्रीने सांगता आले, कारण तो वायू त्यांनी स्वतः हुंगला होता. प्रयोगशाळेत बसून ते मोजून मापून कार्बन मोनॉक्साइड घेत, लक्षणे टिपत आणि मधूनमधून रक्त तपासत. एकदा तर रक्तातले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन विषाने व्यापेपर्यंत ते थांबले नाहीत. पाय लटपटू लागले, दृष्टी मंदावली. या प्रयोगांतून त्यांच्या ध्यानात आलेली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे शरीराच्या आधी माणसाची विवेकबुद्धी जाते. आपल्याला काहीच झालेले नाही, असे त्याला अखेरपर्यंत वाटत राहते. त्यांच्या घरात एक आठवण सांगितली जाई. एका खाणीची पाहणी करून वर आल्यावर हाल्डेन यांनी आपण सुखरूप असल्याची तार पत्नीला केली. नंतर तीच तार पुन्हा केली, मग पुन्हा. आधीची तार केल्याचे त्यांना आठवतच नव्हते! अशा अवस्थेतला माणूस दुसऱ्याला काय वाचविणार?

म्हणून धोका माणसाच्या आधी ओळखणारा कोणीतरी सोबत हवा. लहान प्राण्याच्या शरीरात सारे व्यवहार झपाट्याने चालतात आणि विषही त्याच्या रक्तात फार लवकर भिनते, हे हाल्डेन यांनी ताडले. खाणीत उतरणाऱ्यांनी उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा, असे त्यांनी सुचविले. उंदीर एरवीही कोपऱ्यात मुटकुळे करून बसतो, त्यामुळे त्याला काही झाले तरी पटकन कळत नाही. कॅनरी पक्षी मात्र दांडीवर बसलेला असतो. तो डोलू लागला किंवा खाली पडला की लगेच दिसते. सोबत्यांना मागे फिरायला तेवढा वेळ पुरतो.

पुढे या पिंजऱ्यालाच प्राणवायूची छोटी नळकांडी जोडण्यात आली. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचे गोल दार बंद करून कळ फिरवायची, म्हणजे तो पुन्हा सावध होई. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी पुढे कित्येक दशके काम करत होते. इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर, १९८६ च्या अखेरीस, त्यांना निवृत्त करण्याचा निर्णय झाला.

पाठीवरचा प्राणवायू

वाचवायला जाणाऱ्यांची आधीपासून तयारी करून घ्यायची, ही कल्पना त्या काळात हळूहळू रुजत होती. ब्रिटनमधील पहिले खाण बचाव केंद्र १९०२ मध्ये यॉर्कशायरमधील टँकर्सली येथे उभे राहिले. खाणींसाठी बचावाची व्यवस्था कायद्यात आली ती १९१० आणि १९११ मध्ये. बचाव पथकाच्या पाठीवर आता श्वसनयंत्र आले. नळकांड्यातून प्राणवायू मिळायचा, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषला जायचा आणि बाहेरच्या विषारी हवेशी संबंधच राहायचा नाही.

कागदावर हे सारे उत्तम होते. हाल्डेन यांनी मात्र ही यंत्रे पारखून पाहिली. डॉनकास्टरच्या खाणमालकांनी स्थापन केलेल्या प्रयोगशाळेचे ते १९१२ पासून संचालक होते. तेथून त्यांनी १९१४ मध्ये या यंत्रांवर सविस्तर अहवाल दिला. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या कितीतरी पट तो ढिगारा उपसणाऱ्याला आणि जखमीला ओढत आणणाऱ्याला लागतो. काही यंत्रांचा पुरवठा तेवढा नव्हता. कुठे तोंडाजवळच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरे, तर कुठे कार्बन डायऑक्साइड पुरता शोषला जात नसे. सदोष यंत्र हे यंत्र नसण्यापेक्षाही वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस अधिक खोल जातो.

हे पारखणेही त्यांना सोपे गेले, कारण श्वासाचे गणित त्यांनीच मांडले होते. आपण किती वेगाने श्वास घ्यायचा हे मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवितो, हे त्यांनी आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये सिद्ध केले होते.

पाण्याखाली आणि पर्वतावर

बंद जागेचा हा ध्यास त्यांना समुद्रातही घेऊन गेला. खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि तो लुळा पडतो किंवा दगावतो. ब्रिटिश नौदलासाठी हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे कोष्टक बनविले. ऑगस्ट १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप वर आले. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीवरच पुढची कोष्टके उभी राहिली. त्या मोहिमेत त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक हाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरला होता!

याच जॅकला वडिलांनी खाणीतला धडाही दिला होता. स्टॅफर्डशायरच्या एका खाणीत त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमधले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळींत मुलाचा दम लागला आणि पाय लटके पडून तो खाली कोसळला. जमिनीलगत पडताच मात्र त्याला बरे वाटू लागले. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साचतो, हे त्याला आयुष्यभरासाठी समजले. आज कोणी बाप असे करणार नाही आणि करूही नये. पण हाल्डेन यांनी मुलाला जे भोगायला लावले, त्याहून कितीतरी अधिक स्वतः भोगले होते.

१९११ मध्ये ते अमेरिकेतील पाइक्स पीक या १४,१०० फूट उंचीच्या पर्वतावर पाच आठवडे राहिले आणि विरळ हवेत शरीर कसे जुळवून घेते हे त्यांनी अभ्यासले. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी विषारी वायू सोडला, तेव्हा तो क्लोरीन आहे हे तेथे जाऊन त्यांनीच सांगितले. सैनिकांच्या पहिल्या मुखवट्यांसाठी त्यांनी स्वतःच्या फुप्फुसांवर क्लोरीनचे प्रयोग केले. वयाच्या पंचाहत्तरीतही ते तेलशुद्धीकरण कारखान्यांतील उष्माघाताचा अभ्यास करायला इराणकडे गेले होते. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

तो जॅक म्हणजेच विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ मध्ये ते भारतात आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

शिडीवर पाय ठेवण्याआधी

मुलाने आपलासा केलेल्या या देशात वडिलांची शिकवण कितपत पोचली आहे? आपल्या खेड्यांत विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. ती शहाणपणाची, पण अपुरी आहे. प्राणवायू फार कमी असला तर कंदील विझेल. मात्र कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका असला, तरी तो खुशाल तेवत राहील. मैल्याच्या टाकीत तर मिथेन असतो, तेथे ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. नाकाला बांधलेला ओला रुमाल यातला कुठलाच वायू अडवीत नाही.

आज कॅनरीची जागा हातात मावणाऱ्या वायुमापकाने घेतली आहे. तो दोरीने आत सोडून प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायचे, वर-मध्ये-तळाशी असे तिन्ही ठिकाणी. पंख्याने ताजी हवा आत ढकलायची. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टे, पट्ट्याला दोर आणि दोर तोंडावरच्या तिवईच्या चरकाला, म्हणजे तो पडला तर कोणी आत न उतरता त्याला वर ओढता येईल. वरचा माणूस जागा सोडणार नाही. आत जावेच लागले तर स्वतःची हवा पाठीवर घेऊन शिकलेल्या माणसानेच जायचे.

आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरविण्यास बंदी घातली आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तरीही माणसे उतरविली जातात, कारण चरक आणि मापक आणण्यापेक्षा गरजू माणूस स्वस्त पडतो.

पोस्टमन्स पार्कमधल्या त्या चौघांकडे धैर्य होते, दोर नव्हता. हाल्डेन यांनी वायू ओळखून दिला, त्याची सूचना देणारा पक्षी दिला, पाठीवरचे यंत्र पारखून दिले. आपल्या सोसायटीची टाकी किंवा शेतातली विहीर साफ करायला उद्या कोणी आले, तर हवा मोजली का आणि वर ओढायची सोय आहे का, एवढे दोन प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे. उत्तर नाही असे आले, तर त्या माणसाला उतरू न देणे हेही आपल्याच हातात आहे.