स्वतःच्या छातीवर विष झेलणारा शास्त्रज्ञ

रेवदंड्याला आमच्या शेजारी राहणारे नाखवा एक शिस्त फार कडक पाळत. बोट किनाऱ्याला लागली, की मासळीच्या कप्प्याची झाकणे उघडायची आणि बराच वेळ कोणाला आत उतरू द्यायचे नाही. लहानपणी मला वाटे, ही वासाची काळजी. पुढे कळले, ती जिवाची काळजी होती. बंद कप्प्यात मासळी कुजली, की हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो.

आता आपल्या रायगडात थळला अमोनिया आणि युरिया तयार होतो; नागोठणे, रोहा, महाड इथेही रसायनांचे कारखाने आहेत. विषारी वायूचा विषय निघाला, की मला जॉन स्कॉट हाल्डेन आठवतात.

त्यांचा जन्म १८६० साली एडिंबरोला झाला. वैद्यकीची पदवी घेऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. माणूस श्वासातून काय आत घेतो, हाच त्यांचा जन्मभराचा विषय झाला. गटारांत आणि खाणींत उतरून ते हवेचे नमुने गोळा करत.

जुलै १८९५ मध्ये लंडनजवळ ईस्ट हॅमच्या मैलापाणी उपसा केंद्रात एक कामगार खाली उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. अशी पाच माणसे गेली. हाल्डेन यांनी चौकशी केली, तेव्हा गुन्हेगार निघाला तोच कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू. हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. आजही सेप्टिक टाकीत माणसे मरतात ती याच क्रमाने. पहिला अजाणतेपणी, बाकीचे मायेपोटी.

पुढच्याच वर्षी वेल्समध्ये टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. त्यांतली बहुतेक स्फोटाने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मेली, हे हाल्डेन यांनी दाखवून दिले. या वायूला ना रंग, ना वास. तो स्वतःच्या छातीत भरून घेऊन, पाय केव्हा लटपटतात याची नोंद त्यांनी आधीच करून ठेवली होती. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावा, ही सूचना त्यांचीच. इवल्या जिवाचा श्वास जलद चालतो, म्हणून विष त्याला आधी बाधते.

मुलगा जॅक लहान असताना त्यांनी त्याला खाणीत उभे करून शेक्सपियरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात पोरगा धापा टाकत खाली कोसळला, आणि जमिनीलगतच्या हवेत सावरला. मिथेन हलका, तो छताशी साठतो, हा तो धडा. मुलाला असे शिकवणे माझ्या मनाला पटत नाही. पण जॅक तो धडा कधी विसरला नाही.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. हाल्डेन तातडीने फ्रान्सला गेले. इकडे इंग्लंडात घरोघरी बायका सैनिकांसाठी कापसाच्या पट्ट्या शिवत होत्या. माया खरी होती. पण कोरडा कापूस क्लोरीन अडवत नाही, आणि भिजवला तर श्वास कोंडतो. हाल्डेन, जॅक आणि सहकारी बंद खोलीत क्लोरीन सोडून आळीपाळीने आत बसले, पट्ट्या तोंडाला लावून पाहिल्या. फोटो धुण्याच्या हायपोत भिजवलेली पट्टी क्लोरीनला निष्प्रभ करते, म्हणून तशा पट्ट्या आघाडीवर गेल्या. क्लोरीनने फुफ्फुसांत पाणी भरलेल्या जवानांना ऑक्सिजन कसा द्यावा, हेही त्यांनी शोधले.

त्यांच्या आयुष्यातून मी एवढेच घेतले, की वायू ओळखल्यावाचून बचाव नाही. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून नाकावरचे ओले फडके त्याला थोडा वेळ थोपवते. तेवढ्यात वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत लांब जावे. तेच फडके कार्बन मोनॉक्साइडपुढे कुचकामी. आणि कोणी टाकीत पडला, तर हवेचे नळकांडे असलेला मुखवटा आणि कमरेला दोर असल्याखेरीज मागोमाग उतरू नये.

१९३६ साली इराण आणि इराकच्या तेल कारखान्यांतल्या उष्माघाताची पाहणी करून हाल्डेन परतले आणि न्यूमोनियाने गेले. जॅक म्हणजे पुढचे प्रख्यात जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

आमच्या नाखवांनी या बापलेकांचे नाव कधी ऐकले नसेल. झाकणे उघडून ते जाळे तपासत बसत, आणि घाई करणाऱ्या पोराला दंडाला धरून मागे ओढत.